सोसायटीच्या कार्यालयात लिनक्स मिंट २२

विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत संगणक-प्रणालीची बहुतेक परीक्षणे अशा लोकांनी लिहिलेली असतात ज्यांना संगणकाशी खेळायला मुळातच आवडते. प्रस्तुत परीक्षण ठाण्याच्या चरई भागातील एका जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातले आहे. येथे एकच संगणक आहे आणि तो अर्धवेळ व्यवस्थापक, सचिव, खजिनदार आणि वर्षातून काही दिवस लेखापरीक्षकांचा मदतनीस असे चौघे जण आलटून-पालटून वापरतात. या चौघांनाही संगणकात रस नाही; त्यांना फक्त देखभाल शुल्काची बिले वेळेवर निघायला हवी असतात. अशा ठिकाणी प्रणाली किती वेगवान आहे यापेक्षा ती माणसाला किती वेळा अडवते हेच पाहावे लागते. त्या कसोटीवर मिंट उतरते, परंतु आठवड्यातून एकदा तिच्याकडे लक्ष देण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीने घेतली तरच.

बदलाचे कारण सर्वांना ठाऊक असलेलेच होते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा-अपडेटसाठी आणखी एका वर्षाची मुदत देण्यात आली, तरी ती मुदतवाढच होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. आमचा आय-थ्री सहाव्या पिढीचा. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. कार्यकारिणीपुढे एकाच बैठकीत दोन विषय आले, नवा संगणक आणि गच्चीवरच्या टाकीची गळती. पैसे टाकीकडे गेले, आणि ते योग्यच झाले.

मिंट हा प्रकल्प क्लेमां लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केला. तिचा पाया उबुंटू या दुसऱ्या लिनक्स-प्रणालीचा असतो, आणि तोही उबुंटूच्या दीर्घ मुदतीचा पाठिंबा असलेल्या आवृत्तीचा. मिंट २२ जुलै २०२४ मध्ये उबुंटू २४.०४ वर बेतून आली, आणि त्याच पायावर जानेवारी २०२५ मध्ये २२.१ व सप्टेंबर २०२५ मध्ये २२.२ या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या सगळ्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. आमच्या कार्यकारिणीची मुदत पाच वर्षांची असते, म्हणजे या निर्णयाचे बरेवाईट परिणाम तो घेणाऱ्यांनाच भोगावे लागतील, पुढच्या मंडळींवर ढकलता येणार नाहीत. सोसायटीच्या कारभारात असे क्वचितच घडते. प्रत्येक आवृत्तीला ‘आ’कारान्त स्त्रीनाम देण्याची मिंटची प्रथा आहे, त्यानुसार आमच्या कार्यालयात ‘झारा’, म्हणजे २२.२, बसते. डेस्कटॉपचे सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई असे तीन पर्याय आहेत; त्यांपैकी सिनॅमन घेतला, कारण खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ आणि मध्ये उघड्या खिडक्या ही रचना व्यवस्थापकांच्या अंगवळणी पडलेली होती.

बसवण्याबद्दल फार लिहावे असे काही नाही. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की काहीही न पुसता प्रणाली चालवून पाहता येते. ध्वनी, इंटरनेट, पडदा आणि प्रिंटर हे सगळे या तात्पुरत्या अवस्थेतच तपासून घ्यावे, कारण नंतर माघार घेणे त्रासाचे असते. मिंटची अधिकृत किमान गरज २ जीबी रॅमची आहे आणि ४ जीबी असावी अशी शिफारस आहे; आमच्याकडे ८ जीबी असल्याने त्या बाबतीत प्रश्न आला नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि संगणकाचा जो वेग लोकांना दिसतो त्यातला मोठा वाटा तिचा आहे, मिंटचा नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. एक गोष्ट मात्र कोणी टाळू नये. उतरवून घेतलेली फाइल अस्सल आहे की नाही हे तिच्या चेकसमवरून, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-संख्येवरून, पडताळून पाहावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळात घुसून कोणी तरी १७.३ आवृत्तीच्या फाइलीचा दुवा बदलला होता आणि त्या दिवशी ती उतरवणाऱ्यांना परक्याला संगणकात शिरू देणारे छुपे दार ठेवलेली प्रत मिळाली होती. प्रकल्पाने ते लपवले नाही, लगेच जाहीर केले, ही जमेची बाजू. तरीही ज्या संगणकावर चाळीसएक कुटुंबांचे पत्ते, फोन क्रमांक आणि थकबाकीचे आकडे राहणार आहेत, त्यावर पडताळणीची ती पाच मिनिटे वाचवण्यात शहाणपण नाही.

आता मराठीकडे वळतो, कारण आमचे निम्म्याहून अधिक काम मराठीत चालते. सभेची सूचना, इतिवृत्त, ना-हरकत दाखला, पाणी बंद राहण्याचा फलक, सगळे मराठीत. मिंटमध्ये मराठी अक्षरे वाचता येण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. टंकलेखनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्डचा, मराठी आराखडा जोडला की काम भागते. इंग्रजी आणि मराठी यांत अदलाबदल करण्यासाठी हवी ती कळ ठरवता येते. ज्यांना रोमन अक्षरांत उच्चारानुसार लिहायची सवय आहे, त्यांना आयबस आणि एम१७एन ही दोन टंकन-साधने सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बसवाव्या लागतात. त्यांत उच्चारी पद्धतीचे आराखडे आहेत, तसाच जुन्या टंकयंत्राचा आराखडाही आहे.

आमचे व्यवस्थापक तरुणपणी टंकयंत्रावर शिकलेले. त्यांनी इनस्क्रिप्ट शिकायचे ठरवले, हे त्यांचे मोठेपण, पण हाताची सवय सहजी जात नाही. टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवून मग अक्षर मारायचे असते. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या अक्षर-प्रमाणात, अक्षर आधी आणि वेलांटी नंतर. पहिल्या काही सूचनांमध्ये त्यामुळे वेलांटीपुढे टिंबांचे एक वर्तुळ आणि त्याच्या शेजारी एकटे पडलेले अक्षर असा प्रकार होत असे.

“साहेब, हे टिंबांचं कडं कुठून आलं? मी तर दाबलंच नाही,” ते विचारीत.

“काका, आधी क, मग वेलांटी. बोलतो तसंच लिहायचं.”

“मग इतकी वर्षं आम्ही काय उलटं लिहीत होतो?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते, परंतु महिन्याभरात हात बसला. ‘दुसऱ्या मजल्यावरील’ हे शब्द आता ते न अडखळता लिहितात: शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई, असा त्या ‘ऱ्या’चा मार्ग आहे. तो असा नोंदवण्याचे कारण म्हणजे हेच ‘ऱ्या’ दुसऱ्या एका मार्गानेही काढता येते, आणि छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते वेगळे वाटतात. ‘ॲ’चेही तेच आहे. तो एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिता येतो. आमच्या सभासद-यादीत एका वकील सभासदांच्या नावाआधीचे ‘ॲड.’ एका पद्धतीने आणि थकबाकीच्या यादीत दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले होते, त्यामुळे शोध घेतला की त्यांची थकबाकी शून्य दिसे. ते सभासद या व्यवस्थेवर संतुष्ट होते. दोष मिंटचा नाही, कोणत्याही प्रणालीवर असेच होईल, पण जुन्या संगणकावरून नव्यावर येताना टंकनाची पद्धत बदलते आणि नेमक्या तेव्हाच ही विसंगती यादीत शिरते. म्हणून चौघांनी एकच आराखडा वापरावा हे बरे.

अक्षरांच्या वळणाबद्दल एक सुखद गोष्ट. वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायच्या लिबरऑफिस या मोफत संचामध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे आपल्या मराठी वळणाने येतात. नोटो सान्स देवनागरीमध्ये ही सोय आहे. फलकासाठी आम्ही मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट वापरतो. तो लांबूनही स्वच्छ वाचता येतो. मेन्यूंचे मराठीकरण मात्र अर्धवट आहे. प्रणालीची भाषा मराठी केली तर काही ओळी मराठी, काही इंग्रजी असा घोळ दिसतो आणि जे मराठी शब्द आहेत तेही व्यवहारात कोणी वापरत नाही असे. शेवटी मेन्यू इंग्रजीत आणि लेखन मराठीत अशी तडजोड केली.

पुनर्विकासाची चर्चा चालू असलेल्या ठाण्यातल्या संस्थांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांना जुनी इतिवृत्ते पुन्हा उघडावी लागतात. युनिकोडपूर्व काळातली इतिवृत्ते श्रीलिपी किंवा सुरेख यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली असतात आणि तो फॉन्ट संगणकावर नसेल तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. परवाना आपल्याकडे असेल तर फॉन्टची फाइल मिंटमध्ये बसवून दस्तऐवज वाचता येतो. पण त्यातला मजकूर शोधता येत नाही आणि कायमचा उपाय म्हणजे तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ कागदाशी ताडून पाहणे. हे काम प्रणाली बदलण्यापूर्वी, जुना संगणक चालू असतानाच, करावे. निदान प्रत्येक दस्तऐवजाची पीडीएफ तरी काढून ठेवावी.

छपाईच्या बाबतीत गुण निम्मेच द्यावे लागतात. अलीकडचे, नेटवर्कला जोडले जाणारे आणि ड्रायव्हरविना, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या खास प्रोग्रामविना, छापू शकणारे प्रिंटर मिंटला आपोआप सापडतात. परंतु कार्यालयात असतो तो यूएसबीने जोडलेला, सर्वांत स्वस्त म्हणून घेतलेला काळा-पांढरा लेझर. अशा यंत्रांचे बरेचसे काम संगणकावरच्या ड्रायव्हरकडून करून घेतले जाते आणि तो ड्रायव्हर कंपनीने लिनक्ससाठी दिला तरच गाडी पुढे सरकते. आमच्या यंत्राच्या कंपनीने तो दिला आहे, पण तो बसवण्यासाठी टर्मिनल उघडून दोन आज्ञा लिहाव्या लागल्या. त्या प्रसंगी गोखले रोडवरच्या ज्या दुरुस्तीवाल्याकडे आम्ही वर्षानुवर्षे जातो त्याने पडद्याकडे पाहूनच हात जोडले. लिनक्सला स्थानिक मदतनीस मिळणे अजून अवघड आहे, आणि विकत घेण्याच्या खर्चात जी बचत होते त्यातली काही येथे, वेळेच्या रूपाने, परत जाते.

बिलांची गोष्ट वेगळी. आधीच्या खजिनदारांनी एक्सेलमध्ये मोठ्या हौसेने पत्रक तयार केले होते. थकबाकीवर आदर्श उपविधींनी तेव्हा घालून दिलेल्या मर्यादेत, म्हणजे द.सा.द.शे. २१ पर्यंत, सरळ व्याज काढणारे. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये त्यातली सूत्रे जशीच्या तशी चालली, मात्र बटण दाबताच सगळी बिले एकदम तयार करणारा मॅक्रो चालला नाही. एक्सेलसाठी लिहिलेले मॅक्रो कॅल्कमध्ये काही प्रमाणातच चालतात, हे आधीच गृहीत धरून चालावे. आता बिले लिबरऑफिसच्या मेल मर्ज सोयीने निघतात. मांडणी पुन्हा करावी लागली, पण निघणारे बिल पूर्वीपेक्षा देखणे आहे. टॅली वापरणाऱ्या संस्थांनी मात्र थांबून विचार करावा, कारण ती विंडोजसाठी बनलेली आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनसारख्या जोडसाधनांवर ती चालवून पाहणारे असतात, पण संस्थेचे हिशेब अशा प्रयोगावर सोडण्याचा सल्ला मी देणार नाही. आमचे हिशेब लेखापालांच्या कार्यालयात लिहिले जातात, डिजिटल सहीचेही तिकडेच होते, म्हणून आम्ही सुटलो.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसोबत मिळालेला प्रोग्रामही केवळ विंडोजचा होता. डीव्हीआर आरटीएसपी पद्धतीने नेटवर्कवर चित्र पाठवत असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये त्याचा पत्ता टाकून कॅमेरा पाहता येतो, आम्ही तसेच करतो. व्हॉट्सॲपचे लिनक्ससाठी अधिकृत ॲप नाही. मिंटच्या वेब ॲप मॅनेजरने त्याचे संकेतस्थळ वेगळ्या खिडकीत आणि वेगळ्या चिन्हासह उघडते, ते वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही.

आता त्या आठवडी कामाविषयी, कारण मिंटचा खरा स्वभाव तिथे कळतो. ही प्रणाली काम चालू असताना स्वतःहून बंद होऊन अपडेट बसवत नाही. खालच्या पट्टीवर ढालीचे एक चिन्ह असते. अपडेट आले की त्यावर ठिपका उमटतो आणि त्यावर टिचकी मारली की यादी उघडते. त्यात सुरक्षेसंबंधीचे कोणते, नुसत्या सुधारणा कोणत्या आणि कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, कोणते हे वेगवेगळे दाखवलेले असते. एखाद्या आठवड्यात फायरफॉक्सची नवी आवृत्ती, एखाद्या आठवड्यात कर्नल, एखाद्या आठवड्यात कोणालाही न कळणाऱ्या लहानसहान लायब्ररी. आपोआप अपडेटची सोय आहे, पण ती आपण मुद्दाम चालू करावी लागते. आम्ही ती बंदच ठेवली आणि शनिवारी संध्याकाळी, सभासदांची वर्दळ ओसरल्यावर, खजिनदारांनी यादी वाचून अपडेट बसवायचे, संगणक पुन्हा सुरू करायचा, एक मराठी ओळ लिहून तिची प्रिंट काढायची आणि आवक-जावक नोंदवहीच्या मागच्या पानावर तारखेसह सही करायची असे ठरवले. प्रिंट काढण्याची अट सुरुवातीला काहींना कागदाची उधळपट्टी वाटली. पण सोमवारी सकाळी, ना-हरकत दाखल्यासाठी माणूस दारात उभा असताना, प्रिंटर बोलत नाही हे कळण्यापेक्षा शनिवारीच कळलेले बरे.

ही शिस्त कामाला आली ती एका कर्नल-अपडेटनंतर. कार्यालयात इंटरनेट यूएसबीच्या वायफाय डोंगलने येते आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर कर्नलमध्ये अंतर्भूत नसून वेगळा बसवलेला आहे. असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधला जावा लागतो. तो बांधला गेला नाही आणि संगणक सुरू झाला तो इंटरनेटविना. येथे मिंटची पद्धत उपयोगी पडली. नवा कर्नल आला म्हणून जुना लगेच काढून टाकला जात नाही, आणि संगणक सुरू होताना ग्रब या प्रारंभ-प्रोग्रामच्या यादीतून आधीचा कर्नल निवडता येतो. तसे केल्यावर दहा मिनिटांत काम पूर्ववत झाले. पुढच्या खरेदीत ड्रायव्हर कर्नलमध्येच असलेला डोंगल घ्यायचा किंवा सरळ तार ओढून घ्यायची असे ठरले; मी तारेच्या बाजूचा आहे.

टाइमशिफ्ट हे मिंटसोबत येणारे साधन प्रणालीची स्थिती ठरावीक काळाने जपून ठेवते आणि अपडेटने काही मोडले तर मागच्या स्थितीवर नेऊन सोडते. ते उत्तम आहे, पण त्याच्याविषयी मोठा गैरसमज आढळतो. मूळ मांडणीत टाइमशिफ्ट वापरकर्त्याचे होम फोल्डर जपत नाही. म्हणजे प्रणाली परत मिळेल, इतिवृत्ते मिळणार नाहीत. “रोज प्रत निघते आहे ना, मग झालं तर,” असे म्हणून आमच्या बैठकीत हा विषय गुंडाळला जाणार होता. कागदपत्रांची प्रत वेगळी, बाहेरच्या डिस्कवर घ्यावी लागते. ती शनिवारच्या कामात जोडली आहे आणि डिस्क कार्यालयात न ठेवता अध्यक्षांच्या घरी राहते.

कोणाला घेऊ नका म्हणावे, तर ज्यांचे सगळे काम एखाद्या विंडोज-प्रोग्रामवर उभे आहे त्यांना, आणि ज्यांच्याकडे शनिवारी सही करणारा माणूस नाही त्यांना. खूप जुन्या यंत्रासाठी एक्सएफसीईची आवृत्ती पाहावी. पहारेकऱ्यांच्या केबिनमधल्या संगणकावर आम्ही तीच घातली आहे आणि अभ्यागतांची नोंद करण्यापुरती ती पुरते.

राहिला पैशांचा प्रश्न. डेड स्टॉक रजिस्टर तपासताना लेखापरीक्षकांच्या मदतनीसाने विचारले, “या सॉफ्टवेअरचं बिल कुठे आहे?” बिल नाही, किंमत नाही, आणि परवान्यानुसार ते कितीही संगणकांवर बसवता येते, हे त्याला पटवायला विंडोज काढून टाकण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी रजिस्टरमध्ये ‘मुक्त परवाना, खरेदी मूल्य निरंक’ अशी नोंद झाली. पूर्वी याच रकान्यात काय लिहिले जात असे आणि त्याचे बिल होते का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मिंटचा खर्च मुख्यतः देणग्या आणि प्रायोजक यांच्यावर चालतो, तेव्हा वाचलेल्या पैशांतून थोडी रक्कम पाठवावी असा विषय मी बैठकीत मांडला. फुकट मिळते त्याचे पैसे कशाला, असे एकाने विचारले. संस्थेच्या निधीतून नको, ज्यांना द्यायचे त्यांनी स्वतःच्या खिशातून द्यावेत, असे खजिनदार म्हणाले. दोघांनी दिले, आणि विषय इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढ्यावर नोंदवला गेला.